जास्वंद

(सं. जपा, जपाकुसुम, हिं. गुडहल, गु. जासूद, बं. जबा, क. दासवाळ; शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस; कुल माल्व्हेसी). भेंडी, अंबाडी व कापूस ज्या कुलात मोडतात त्याच कुलातील हे सदाहरित, बहुवर्षायू झुडूप. लिनीअसने १७५३ साली त्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होत असला, तरी गुलाबाशी त्याचे कसलेही कुलगोत्र जुळत नाही. मलेशियाने १९६० साली त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. आपल्याकडे लाल जास्वंद गणपतीची व बंगालात कालीमातेची. पाकळ्या कातरलेली, झुंबरासारखी लोंबणारी जास्वंद ही पूर्व आफ्रिकेतील निराळी जाती होय, आणि कधीच पुरती न उमलणारी मिरची जास्वंद तर निराळ्या प्रजातीची.

पाच पाकळ्यांच्या मधून पुंकेसरांचा स्तंभ बाहेर डोकावतो व त्याच्या टोकाशी पाच कुक्षी असतात. दुहेरी फुलांत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल बहुधा एकाच दिवसाचे असल्याने देवासाठी ते खुडल्यास झाडाचे काहीही नुकसान होत नाही. बागेतील वाणांना बी क्वचितच धरते, सबब लागवड छाटकलमांनी करतात. पावसाळ्याच्या आरंभी अर्धवट पक्व फांदीचा वीतभर तुकडा घेऊन, खालची पाने काढून, तो सावलीत ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचल्यास काही आठवड्यांत मुळे फुटतात. नाजूक संकरित वाणांसाठी गुटी किंवा डोळा भरण्याची तजवीज करावी लागते.

जास्वंद कुंपणालाही येते म्हणून तिला निगा नको, हा समज सार्वत्रिक आहे व तो चुकीचा आहे. झाड जगेल, फुलेल मात्र मुबलक उन्हातच, आणि निचरा चांगला असेल तरच. कोकणातील तांबडी जमीन तिला मानवते, उलट देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह मुळांना मिळेनासे होऊन, शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. तेथे शेणखत सढळ हाताने घालावे. मुळाशी पाणी साचले, किंवा उन्हाळ्यात एकदा माती पार सुकून मग एकदम भिजली, की कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात. अशा वेळी अनेकजण खताची मात्रा वाढवतात. तो उपाय नव्हे.

छाटणीविषयी आपल्याकडे अकारण संकोच आढळतो. कळ्या नव्या फुटव्यांवरच धरत असल्यामुळे, जुन्या फांद्या राखून ठेवणाऱ्याच्या अंगणात झाड उंच होते व फुले शेंड्याशी, हाताबाहेर जातात. थंडी सरल्यावर फांद्या सुमारे एकतृतीयांश आखूड कराव्या, गर्दी करणाऱ्या मुळापासून काढाव्या, आणि त्यानंतर खतपाणी द्यावे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसू लागला, की त्याच्या गोड स्रावासाठी जमलेल्या मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्याच या किडीला राखतात व झाडभर पसरवतात. आरंभी पाण्याचा जोरदार फवारा व नंतर साबणाच्या पाण्यात कालवलेले निंबोळी तेल पुरते. शेंडे आकसून वेडेवाकडे झाले असल्यास ते कापून जाळावे, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत.