जखम आणि खाडे

शस्त्रक्रिया म्हटली की ठाकुर्लीच्या आम्हां कामगारांना आधी खाडे आठवतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडियांनी १९९० साली लहान छिद्रांतून दुर्बीण घालून पित्ताशय काढले. त्याच सुमारास अमेरिकेत मोठ्या आतड्यासाठी तोच मार्ग निघाला. मग शंका उठली: छिद्रांच्या जागी कर्करोग पुन्हा रुजेल काय? अमेरिका-कॅनडातील ४८ रुग्णालयांनी ८७२ रोग्यांवर पडताळा घेतला. २००४ चा निकाल असा: तीन वर्षांत रोग उलटला तो पोट उघडलेल्यांत शेकडा १८ जणांचा, दुर्बिणीवाल्यांत १६ जणांचा, म्हणजे फरक नाममात्र. रुग्णालयातला मुक्काम मात्र सहाचा पाच दिवस झाला. पण तेथील प्रत्येक शल्यविशारदाने अशा किमान २० शस्त्रक्रिया आधी केल्या होत्या. म्हणून आमचे सांगणे एवढेच: छेद केवढा, हे मागाहून विचारा, हात किती सरावलेला, हे आधी विचारा.