कल्पित लढत: श्रेष्ठ कोण?

दोन श्रेष्ठ मल्ल ऐन उमेदीत समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते, हा क्रीडारसिकांचा जुना वाद होय. मराठी मुलखात गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. दोघेही सांगली जिल्ह्यातील. आंदळकर 1960 मध्ये, तर माने 1964 मध्ये हिंदकेसरी झाले. 1962 च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले. माने यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, तर ग्रीको-रोमनमध्ये रौप्य लाभले. दोघांचे वजनगटही वेगळे होते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखालची पकड आणि पायांचे डाव निषिद्ध असतात; फ्रीस्टाइलमध्ये त्यांना मुभा असते. म्हणजे नियम बदलला की पारडेही बदलते.

मुष्टियुद्धात हाच प्रश्न संगणकावर सोपवण्यात आला. 49 लढतींत अपराजित राहून 1956 मध्ये निवृत्त झालेले रॉकी मार्सियानो आणि त्या वेळी रिंगणाबाहेर असलेले महंमद अली यांच्या लुटुपुटूच्या लढतीचे 1969 मध्ये चित्रीकरण झाले. जानेवारी 1970 मध्ये ती दाखवली गेली, तेव्हा संगणकाचा कौल मार्सियानो यांच्या बाजूने होता. तो पाहण्यास ते हयात नव्हते. ऑगस्ट 1969 मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते.

पेडण्यात असो वा डिचोलीत, असा वाद घालण्यापूर्वी वजन, नियम आणि उमेदीचे वर्ष निश्चित करावे. अन्यथा लढत मल्लांची न राहता केवळ पक्षपाताची होते.