धाराशिव जिल्ह्यातील मल्लविद्या : चुरस, गुरुपरंपरा व वैरत्याग

मराठवाड्याच्या दक्षिण भागातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात आणि १९८२ पर्यंत त्याचाच भाग असलेल्या लातूर परिसरात कुस्तीची परंपरा जुनी आहे. कुस्ती हे दोन व्यक्तींमधील उघड द्वंद्व असल्याने तीत ईर्ष्या, मानहानी आणि पराभवाची परतफेड करण्याची इच्छा या भावना स्वाभाविकपणे येतात. मात्र अशी चुरस वैराच्या थराला जाऊ नये, यासाठी तालमीने व जत्रेतील मैदानाने काही रीती घालून दिल्या. या रीतींचे बळ आणि त्यांच्या मर्यादा यांचा इतिहास या प्रदेशातील काही मल्लांच्या कारकीर्दींतून स्पष्टपणे दिसतो.

हा प्रदेश अकराव्या-बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. ते उमरगा तालुक्याच्या पूर्वेस, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे, वर्णन आहे. त्यांत मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेले आढळते. मल्लांचा आहार, व्यायाम, डावपेचांचा सराव आणि आखाड्याची रचना यांची माहिती ग्रंथात येते. वय, अंगबांधा व बळ यांनुसार मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवाल असे वर्ग केलेले आहेत. समान बळाच्या मल्लांचीच जोड लावावी, हे तत्त्व या वर्गीकरणामागे दिसते. विजोड लढतीत बलवान मल्लाला कीर्ती मिळत नाही आणि दुर्बळाच्या मनात अन्यायाची सल राहते. त्यामुळे जोड लावण्यातील न्याय हा वैर टाळण्याचा पहिला उपाय ठरतो.

पुढील काळात मल्लविद्येला राजाश्रयाइतकाच गावाचा आश्रय मिळाला. गावच्या तालमीत मारुतीची मूर्ती व लाल मातीचा हौदा असे. मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस इ. मिसळून ती मऊ ठेवली जाई. वस्तादाच्या देखरेखीखाली जोर, बैठका व लढत यांचा नित्यक्रम चाले. उगवत्या मल्लाने ब्रह्मचर्य पाळावे, अशी अपेक्षा असे. ‘लंगोटाचा पक्का’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. मल्लाच्या खुराकाचा खर्च मोठा असल्याने घरच्या दुभत्या जनावरांबरोबरच गावकऱ्यांच्या मदतीवरही तो अवलंबून असे. साहजिकच त्याचा विजय साऱ्या गावाचा मान ठरे आणि त्याचा पराभव साऱ्या गावाला लागे. दोन मल्लांमधील चुरस दोन गावांमधील चुरस होण्याचा धोका यातच होता.

जत्रेच्या मैदानाची घडण हा धोका ओळखून झालेली दिसते. ग्रामदैवताच्या यात्रेत किंवा उरुसात हलगीच्या कडकडाटात कुस्त्या सुरू होतात. आरंभी लहान मुले रेवड्यांसाठी व नारळासाठी लढतात. त्यानंतर इनामाची रक्कम क्रमाने वाढत जाते आणि अखेरची मानाची कुस्ती चांदीच्या गदेसाठी होते. जोड शोधणारा मल्ल मैदानात फेरी मारतो व शड्डू ठोकून आव्हान देतो. जोड ठरल्यावर दोघे माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या हातांत माती देतात आणि सलामी झडते. पंच बहुधा जुने मल्ल असतात. केस ओढणे, बोटे मुरगाळणे, गळा आवळणे, लाथ मारणे यांना मनाई असते. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी अशा डावांनी प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली की कुस्ती चीतपट झाली असे मानतात. लढत लांबून निकाल लागेना, तर ती बरोबरीत सोडवितात. अशा निर्णयाने कोणाचीच मानहानी होत नाही. निकालानंतर दोघांनी गळाभेट घ्यावी, असा संकेत आहे. हरलेल्या मल्लाला पुढच्या जत्रेत तीच जोड पुन्हा मागता येते. अशा रीतीने परतफेडीची इच्छा दडपून न टाकता तिला ठराविक जागा, ठराविक दिवस आणि पंचांसमोरील नियम यांची चौकट दिली जाते. वस्ताद शिष्याला सर्व डाव शिकवितो, पण एक डाव राखून ठेवतो, या लोकप्रसिद्ध उक्तीतही शिष्याच्या बळाला अहंकाराची जोड मिळू नये हाच हेतू दिसतो.

या चौकटीचे महत्त्व समजण्यासाठी जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातील एक कटू प्रकरण ध्यानात घ्यावे लागते. उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर उसळलेली सूडाची लाट, अशा दोन्ही आपत्ती या जिल्ह्याने पाहिल्या. भारत सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर व नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचाही समावेश केला होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना उपलब्ध झाला. नियम, पंच आणि शेवट नसलेले वैर कोठवर जाते, हे या घटनांनी दाखविले. तालमीची शिस्त अशा राजकीय आगीला आवर घालू शकत नाही, हेही त्यातून स्पष्ट होते. तिचा प्रभाव मैदानापुरता असतो. मात्र वेगवेगळ्या जातिधर्मांचे मल्ल एकाच मातीत लढतात आणि एकाच गदेचे मानकरी होतात, हा महाराष्ट्रातील कुस्तीचा विशेष अशा पार्श्वभूमीवर मोलाचा वाटतो.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत झाली आणि मराठवाड्यातील मल्लांना राज्यपातळीचे मैदान मिळाले. १९६९ ची स्पर्धा लातूर येथे भरली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी किताब मिळविणारे हरिश्चंद्र बिराजदार (१९५०–२०११) हेही याच जिल्ह्याचे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. निलंगा तालुका १९८२ च्या विभाजनात लातूर जिल्ह्याकडे गेला. बिराजदार यांनी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत शिक्षण घेतले. विशीच्या आतच ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारताला एकूण पाच सुवर्णपदके मिळाली आणि ती सर्व कुस्तीतील होती. १९७२ मध्ये ते ‘रुस्तुम-ए-हिंद’ झाले.

बिराजदार यांच्या कारकीर्दीतील सर्वांत गाजलेली लढत १९७७ मध्ये बेळगाव येथे दिल्लीच्या सत्पाल यांच्याशी झाली. गुरू हनुमान यांचे शिष्य असलेल्या सत्पाल यांचा त्या काळी देशभर दबदबा होता. महाराष्ट्राच्या मल्लांपुढे ते मोठे आव्हान होते आणि या लढतीला दोन प्रांतांमधील प्रतिष्ठेचे स्वरूप आले होते. बिराजदार यांनी ती जिंकली. पराभवानंतरही सत्पाल यांची कारकीर्द खुंटली नाही. १९८२ मध्ये दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. पुढे हे दोन्ही प्रतिस्पर्धी वस्ताद म्हणून नावारूपास आले. सत्पाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल क्रीडागारात ऑलिंपिक पदकविजेते मल्ल घडविले. बिराजदार यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत नवी पिढी तयार केली. मल्लांमध्ये ते ‘मामा’ या नावाने ओळखले जात. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. मैदानावरील ईर्ष्येचे रूपांतर शिष्य घडविण्याच्या ईर्ष्येत होणे, हा मल्लविद्येतील वैरत्यागाचा सर्वांत फलदायी प्रकार म्हणता येईल.

बिराजदार यांच्या शिष्यांपैकी लातूर जिल्ह्यातील काका पवार यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी प्रथम बिराजदार व नंतर काका पवार यांच्याकडे शिक्षण घेतले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक, तर २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. काका पवार यांनी पुण्यातील कात्रज येथे स्वतःचे कुस्ती संकुल उभारले. जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळील बालेवाडी येथे झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके हे एकाच संकुलातील दोन मल्ल समोरासमोर आले. अटीतटीच्या या लढतीत सदगीर विजयी झाले. निकाल लागताच त्यांनी पराभूत शेळके यांना स्वतःच्या खांद्यावर घेऊन मैदानात फिरविले. प्रेक्षक विजेत्याला खांद्यावर घेतात, ही नेहमीची रीत. येथे विजेत्यानेच गुरुबंधूला तो मान दिला. वर्षभर एका हौद्यात घाम गाळणाऱ्या मल्लांना प्रतिस्पर्धी आणि शत्रू यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही, हे या घटनेने दाखविले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा धाराशिव येथे भरली. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले होते. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरविले. राक्षे हेही काका पवार यांचेच शिष्य. त्यामुळे बिराजदार यांच्या जुन्या जिल्ह्यात त्यांच्या शिष्याचे दोन शिष्य किताबासाठी लढले, असा योग जुळून आला. मात्र या स्पर्धेला एक खेदाची बाजूही होती. राज्यातील कुस्ती संघटनेत दोन गट पडल्याने त्याच महिन्यात पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे याच नावाची दुसरी स्पर्धा झाली. तेथील अंतिम लढतीत सिकंदर शेख यांनी राक्षे यांना पराभूत केले होते. परिणामी एकाच महिन्यात राज्याला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. मल्लांमधील तंटा पंच मिटवितात, पण संघटकांमधील तंटा मिटविण्याची अशी रीत परंपरेने निर्माण केलेली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद विकोपाला गेला, पंचांशी झटापट झाली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचांवरील विश्वास डळमळला की सलामी व गळाभेट यांचा केवळ उपचार उरतो, असे या प्रसंगाने सूचित केले.

मल्लविद्येतील चुरस, प्रेम व सूड यांचे आकर्षण दृश्यमाध्यमांनाही वाटत आले आहे. २०१६ मध्ये सुलतान व दंगल हे कुस्तीवरील दोन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले. त्याच वर्षी झी मराठी वाहिनीवर सुरू झालेली तुझ्यात जीव रंगला ही मालिका २०२१ पर्यंत चालली. कोल्हापूर परिसरातील राणा हा साधाभोळा पहिलवान आणि अंजली ही शिक्षिका यांची ती प्रेमकथा होय. तालमीतील ब्रह्मचर्याचा संकेत आणि प्रेम, तसेच अंगातील प्रचंड बळ आणि स्वभावातील मवाळपणा, यांतील ओढाताण अशा कथांना नाट्य पुरविते. चीन व हाँगकाँगमधील युद्धकलेवरील मालिकांशी यांची तुलना उद्‌बोधक ठरते. जिन योंग (१९२४–२०१८) यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या अशा मालिकांत गुरूच्या किंवा पित्याच्या हत्येचा सूड अनेकदा पुढील पिढीकडे वारसा म्हणून येतो आणि नायकाला अखेर त्या वारशाचा अर्थच तपासावा लागतो. मराठी कुस्तीकथेत गुरूकडून येणारा मुख्य वारसा डावांचा व आखाड्यातील रीतींचा असतो. पराभवाची परतफेड तेथे पुढच्या मैदानापुरती मर्यादित राहते.

धाराशिव जिल्ह्यातील मल्लविद्येचे महत्त्व केवळ तिने दिलेल्या किताबांत सामावलेले नाही. हरलेल्या माणसाला मान देणे, त्याला पुन्हा लढण्याची संधी ठेवणे आणि स्वतःचे बळ अखेर शिष्याच्या हाती सोपविणे, या तीन रीती तिने टिकविल्या. मॅटवरील कुस्तीचे गुण, वजनगट व चित्रफितीवरून होणारी फेरतपासणी यांमुळे निर्णय अधिक अचूक होऊ शकतो. तथापि तो मनापासून स्वीकारण्याची वृत्ती तालमीतच घडवावी लागते. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्यापासून मुलींसाठीही हे मैदान खुले झाले आहे. या नव्या पिढीपर्यंत डावांबरोबरच आखाड्याच्या रीतीही पोहोचविण्याची जबाबदारी वस्तादांइतकीच कुस्ती संघटनांवरही आहे.