मॅजेस्टिक सिनेमा : नाशिकचे मूकपट ते 'आलम आरा', गिरगावातल्या एका हरवलेल्या थिएटरची गोष्ट

मुंबईत गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर 'मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर' नावाची इमारत आहे. नाव इंग्रजी असले तरी ते बिल्डरने शोधलेले नाही. या जागी पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता. भारताचा पहिला बोलपट याच थिएटरात लागला. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांचा संबंध मात्र नाशिकशी येतो.

थिएटर कुणी उभारले?

अर्देशीर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या दोन भागीदारांनी. अब्दुलअली तंबूतले सिनेमावाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंबू, प्रोजेक्टर आणि परदेशी चित्रफिती घेऊन ते सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, श्रीलंका असे फिरले होते. पुण्यात जन्मलेले इराणी १९१४ च्या सुमारास त्यांच्यासोबत आले. दोघांनी आधी मुंबईतले अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतले आणि १९१८ मध्ये गिरगावात मॅजेस्टिक बांधले. फिरता तंबू सोडून पक्क्या इमारतीत येण्याचा तो काळ होता.

नाशिकचा संबंध काय?

त्याच वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी भागीदारांच्या भांडवलावर नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू केली. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. कंपनीचा 'श्रीकृष्णजन्म' हा मूकपट ऑगस्ट १९१८ मध्ये मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळके यांची मुलगी मंदाकिनी होती. चित्रपट नाशिकला तयार व्हायचा, पण पैसा वसूल व्हायचा तो मुंबईच्या थिएटरांत. गिरगावातल्या चाळींमधून राहणारा मराठी मध्यमवर्ग आणि कामगार हा त्याचा हक्काचा प्रेक्षक होता.

मूकपटाच्या काळात थिएटर पूर्ण शांत नसे. पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. पडद्यावर मधूनमधून अक्षरांत मजकूर येई. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवी.

१४ मार्च १९३१ ला काय घडले?

या दिवशी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. निर्माते-दिग्दर्शक होते अर्देशीर इराणी आणि निर्मिती होती त्यांच्या इम्पीरियल फिल्म कंपनीची. मुख्य भूमिकांत मास्टर विठ्ठल आणि झुबेदा होते. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने चित्रीकरण बरेचसे रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर चाले. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नट स्वतः गात, आणि वादक कॅमेऱ्यात न दिसतील असे जवळ लपून वाजवत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून गर्दी जमली. रांग लावण्याची पद्धत रुळलेली नव्हती. गर्दी आवरायला पोलिसांना बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याच्या आठवणी आहेत.

या यशाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. बोलपट दाखवायचा तर थिएटरला नवे ध्वनियंत्र घ्यावे लागे. ज्यांना तो खर्च झेपला नाही, ते मागे पडले. पडद्याजवळच्या वादकांची गरज उरली नाही. नाशिकच्या कंपनीचाही काळ मूकपटांसोबतच ओसरला. एकेकाळी तिचे चित्र लावणाऱ्या मॅजेस्टिकमधूनच नव्या युगाची सुरुवात झाली.

थिएटर गेले, नाव का राहिले?

१९४२ मध्ये केशवराव कोठावळे यांनी थिएटरशेजारी पुस्तकांचे दुकान सुरू केले. ते 'मॅजेस्टिक बुक स्टॉल' म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे मॅजेस्टिक प्रकाशन आले आणि १९६४ मध्ये 'ललित' मासिक सुरू झाले. १९७० च्या दशकात थिएटर पाडून तिथे शॉपिंग सेंटर झाले, पण मराठी वाचकांच्या तोंडी नाव कायम राहिले.

एकपडदा थिएटरे जाण्यामागचा हिशोब सगळीकडे साधारण सारखाच असतो. शहराच्या मध्यवर्ती भागातली मोठी जागा दिवसाला तीन-चार खेळांच्या उत्पन्नावर चालते. जमिनीचा भाव वाढत जातो, तिकिटाचा दर त्या वेगाने वाढत नाही. मुंबईत १९७२ मध्ये दूरदर्शन आले, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि २००१ पासून राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. प्रत्येक टप्प्यावर जुन्या थिएटरचा प्रेक्षक घटला.

आज काय पाहता येते?

इमारत नाही आणि 'आलम आरा'ही नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. २००३ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली, असे अनेक ठिकाणी छापून आले. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी मात्र स्पष्ट केले होते की, ही प्रत संग्रहालयाला कधी मिळालीच नव्हती. संग्रहालयाची स्थापनाच १९६४ ची. तोवर असंख्य जुन्या नायट्रेट फिल्म सडून, जळून किंवा त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी विकल्या जाऊन नष्ट झाल्या होत्या.

याउलट, नाशिकच्या कंपनीच्या 'श्रीकृष्णजन्म'चा काही भाग आणि 'कालिया मर्दन'चा बराच भाग टिकून आहे. म्हणजे बोलपटाच्या आधीचे मूकपट आपल्याला अंशतः का होईना पाहता येतात, पहिला बोलपट मात्र ऐकता येत नाही. जुने थिएटर पाडताना इमारतीबरोबर तिथली पोस्टरे, तिकिटांची पुस्तके, हिशोबाच्या वह्या आणि पडून राहिलेली रिळेही भंगारात जातात. इमारत वाचवणे प्रत्येक वेळी शक्य नसते. हे सामान संग्रहालयात पोचवणे मात्र फारसे खर्चिक नाही, आणि नाशिकपासून गिरगावापर्यंत अशी जी थिएटरे अजून उभी आहेत, त्यांच्याबाबत त्याला उशीर झालेला नाही.