चांदबिबीचा ससाणा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चांदबिबीचं एक दख्खनी चित्र आहे. बाई घोड्यावरून शिकारीला निघाल्यात, हातावर ससाणा, चेहरा अगदी कोवळा. चित्र साधारण १७०० सालचं. आणि बाई गेल्या १६०० साली! चिताऱ्याच्या आज्यानं तरी त्यांना पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

तिकडे स्कॉटलंडात मेरी अर्स्किन ही सरदारीण १६२६ साली जॉर्ज जेम्सन या चित्रकारासमोर रीतसर बसली. आमच्या बाईंना बसायला सवड कुठली? १५९५ च्या डिसेंबरात शाहजादा मुरादनं अहमदनगरला वेढा घातलेला. सुरुंगानं तट उडाला, तेव्हा चाळिशी ओलांडलेली ही विधवा तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून घेतली.

१५९६ साली तह झाला. नगर वाचलं, बदल्यात वऱ्हाड मोगलांना गेलं. वऱ्हाड म्हणजे कोण? अहो, आम्हीच! 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाडच्या परगण्यांत 'योत-लोहारा' आहे ना, ते आमचं यवतमाळ. लोहारा अजून शहराला खेटून आहे. देताना आम्हाला कुणी विचारलं नाही, हे खरंच.

पण बाईंवर रागावणार कसं? चार वर्षांनी मोगल पुन्हा आले. किल्ला टिकत नाही हे ओळखून बाई पुन्हा तहाचं बोलू लागल्या, तर त्यांच्याच माणसांनी फितूर ठरवून त्यांना ठार केलं. पुढं किल्लाही गेलाच.

आता असलं चित्र कोण काढणार, आणि भिंतीवर कोण लावणार? त्यापेक्षा ससाणा बरा.