सनद, यादी आणि घर

आपल्या प्रांतास आपण मोठ्या अभिमानानें घर म्हणतों. परंतु त्या घराच्या दप्तरीं कोणाचें नांव लागलें आणि कोणाचें खोडलें गेलें, याचा विचार आम्हां सुशिक्षितांच्या कुटुंबांत क्वचितच होतो. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा विषय निघाला, कीं 'हें पश्चिमेकडून आलेलें खूळ' एवढें म्हणून आपण मोकळे होतों. दप्तर मात्र याच्या नेमकी उलट साक्ष देतें.

मराठेशाहींत हिजड्यांना ठराविक गांवांतून भिक्षा मागण्याचा हक्क असे व तो गुरूकडून चेल्याकडे उतरे. कित्येकांकडे थोडीफार जमीनही चाले. या गोष्टीस आम्ही सोन्याचा मुलामा देऊं इच्छीत नाहीं. भिक्षा ती भिक्षाच, आणि देणाऱ्याच्या मनांत आदरापेक्षां शापाचें भयच बहुधा अधिक असे. तथापि तो हक्क होता, कोणाची मेहेरबानी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यांत जुन्या इनामांची व हक्कांची चौकशी सुरू झाली, तेव्हां इंग्रज सरकारनें नीतीचें कारण पुढें करून या हक्कांचा आधार काढून घेतला. १८६० च्या दंडसंहितेंत ३७७ वें कलम आलें. उत्तर हिंदुस्थानांत तर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें हिजड्यांची यादी ठेवण्याचें काम सरकारी अंमलदारांकडे सोंपविलें. एका प्रांतांत सनद गेली, दुसऱ्यांत यादी आली! पश्चिमेकडून आलेलें खूळ म्हणावयाचें तर तें हेंच.

यानंतरचा प्रसंग थेट आमच्यासारख्या मासिकें वाचणाऱ्यांच्या घरांतला आहे. १९२७ सालीं र. धों. कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' सुरू केलें. वाचकांनीं लैंगिक विषयांवर प्रश्न विचारावे आणि संपादकानें सरळ उत्तरें द्यावीं, असा त्या मासिकाचा क्रम होता. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. लैंगिक विषयावर लिहिलें, तेवढ्यानेंच तें अश्लील ठरत नाहीं, हा त्यांचा मुद्दा. तो न्यायालयास पटला नाहीं व कर्व्यांना दंड झाला. संपादकाचें धैर्य व वकिलाचें धैर्य यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचें लक्ष मात्र त्या प्रश्न विचारणाऱ्याकडे जातें. वडिलांस विचारतां येईना, गुरुजींस विचारतां येईना, म्हणून त्यानें तो कागद एका परक्या संपादकाकडे धाडला असावा. आणि त्यास मिळालेलें उत्तर सरकारनें गुन्हा ठरविलें.

पुढें काळ पालटला, पण फार सावकाश. १९९० मध्यें मुंबईंत अशोक राव कवी यांनीं 'बॉम्बे दोस्त' काढलें. २०१४ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें ३७७ वें कलम निकालांत निघालें. महाराष्ट्र सरकारनें २०२० मध्यें तृतीयपंथीयांसाठीं कल्याण मंडळ स्थापिलें व २०२४ मध्यें धोरणही जाहीर केलें. हें सर्व स्वागतार्ह आहे. मात्र 'कल्याण' या शब्दास दयेचा जो वास येतो, तो आम्हांस रुचत नाहीं. जुन्या सनदेंत निदान हक्क तरी लिहिलेला असे. जेथें अशा माणसास आपलें गांव सोडून मुंबईच्या गर्दींत लपावें लागणार नाहीं आणि भाड्याची खोली मागतांना खोटें नातें सांगावें लागणार नाहीं, त्या राज्यास आम्ही समतेचें राज्य म्हणूं.

विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें मिळाला नाहीं. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें शिधापत्रिकेपुरतें अशा जोडप्यास एक कुटुंब मानावें, असें राज्यांस कळविलें. म्हणजे धान्याच्या पत्रिकेवर दोन नांवें एकत्र येऊं शकतात. वारसाच्या रकान्यांत मात्र मृत्युपत्रावांचून येत नाहींत.

आणि सरकारचें दप्तर राहूं द्या, आमच्या घरचें दप्तर तरी काय सांगतें? लग्नपत्रिकेंत आम्ही चुलत, मावस, आते अशा सगळ्या नातलगांचीं नांवें ओळीनें छापतों. घरच्या मुलाबरोबर वीस वर्षें संसार केलेल्या त्याच्या सोबत्याचें नांव त्या ओळींत छापलेलें आम्हीं तरी अजून एकाही पत्रिकेंत वाचलेलें नाहीं.