डोमेनबाहेरच्या लॅपटॉपला व्हीपीएन लॉगिन कसे मिळते?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीतील कारखान्याचे सॉफ्टवेअर सांभाळणारा सल्लागार पुण्यात बसून, स्वतःच्या लॅपटॉपवरून काम करू शकतो. तो लॅपटॉप कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर नोंदलेल्या संगणकांत नसला तरी चालतो. कारण इथे खाते तपासले जाते. व्हीपीएन गेटवे लॉगिनची माहिती रेडियस सर्व्हरकडे पाठवतो आणि तो ती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील खात्याशी पडताळतो. लॅपटॉपला डोमेन ठाऊक नसल्याने युजरनेमसोबत अनेकदा डोमेनचे नावही टाकावे लागते.

फक्त पासवर्डवर विसंबणे मात्र धोक्याचे. २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइनमध्ये हॅकर शिरले ते वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला दुसरी पडताळणी नव्हती. म्हणून ओटीपी सक्तीचा ठेवावा, परवानगी गरजेपुरतीच द्यावी आणि काम संपताच खाते बंद करावे.